झेरॉक्स मशीन बंद आसा

इन्व्हेंटरीच्या कामासाठी मला एका जुन्या निवाड्याची नक्कल हवी होती. अर्ज दिला, फी भरली आणि सांगितलेल्या दिवशी तालुका न्यायालयाच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. पलीकडच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "झेरॉक्स मशीन बंद आसा. सोमारा येयात."

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगतो, की इन्व्हेंटरी म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेची यादी, किंमत आणि वाटणी न्यायालयामार्फत करून घ्यायची आमच्याकडची रीत. पोर्तुगीज अमदानीतून आलेली, आता २०१२च्या वारसा कायद्यात बसवलेली. त्यात एक 'काबेसा द काझाल' असतो, म्हणजे घरचा कर्ता. इस्टेट ज्याच्या हातात, यादी त्याने द्यायची. एखादा तांब्याचा हंडा यादीतून सुटला तर भावंडं बोंब मारतात. या कर्त्याची गरज आपल्याला पुढे पुन्हा लागणार आहे.

माझ्या मागचे गृहस्थ वैतागले. "जज्जसायबान एक ऑर्डर मारली जाल्यार फाल्यां नवें मशीन येतलें," ते म्हणाले. रांगेतल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. मी तीसेक वर्षं सरकारी हिशेबात काढली, न्यायालयात नव्हे, दुसऱ्या खात्यात. त्यामुळे बंद मशीन दिसलं की लोक चरफडतात आणि मी मनातल्या मनात त्याची फाइल उघडतो. जज्जसाहेबांच्या एका ऑर्डरवर मशीन येत नाही. का येत नाही, हे कळलं की न्यायालयाच्या खरेदीचा निम्मा कारभार कळला.

न्यायाधीशाच्या टेबलावर दोन तऱ्हेचे कागद येतात. पहिले खटल्याचे. त्यावर ते निकाल देतात आणि तो निकाल सरकारलाही पाळावा लागतो. दुसरे कचेरीचे: शिपायाची रजा, गळणारं छप्पर, प्रिंटरचा संपलेला टोनर. या दुसऱ्या कागदांवर सही करताना ते न्यायाधीश असले तरी काम कार्यालयप्रमुखाचं करत असतात, आणि त्यांना लागू होणारे नियम मामलेदाराला किंवा शाळेच्या मुख्याध्यापकाला लागू होतात तेच. वकील मंडळी याला 'न्यायिक बाजू' आणि 'प्रशासकीय बाजू' म्हणतात. न्यायिक बाजूने कुणाचं बँक खातं गोठवता येईल. प्रशासकीय बाजूने पाच हजारांचं टोनरचं काडतूस घ्यायचं तरी त्यावर प्रमाणपत्र लिहून सही करावी लागते.

ही प्रशासकीय बाजू बांधलेली आहे ती उच्च न्यायालयाला, सरकारला नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद २३५ने जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांवरचं नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिलं. बदल्या, रजा, शिस्त सगळं त्यात येतं. अनुच्छेद २२७ लोकांना माहीत असतो तो खालच्या न्यायालयाच्या चुका दुरुस्त करून घेण्यासाठी. पण त्याच्याच दुसऱ्या खंडात उच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयांच्या वह्या, नोंदी आणि हिशेब कोणत्या नमुन्यात ठेवायचे ते ठरवावं, असं लिहिलेलं आहे. घटना लिहिणाऱ्यांनी हिशेबाच्या वहीलाही जागा दिली, याचं माझ्यासारख्याला फार कौतुक वाटतं.

गोव्यात ही उतरंड अशी: तालुक्याचं न्यायालय, त्यावर उत्तर किंवा दक्षिण गोव्याचे प्रधान जिल्हा न्यायाधीश, त्यावर मांडवी नदीपलीकडच्या पर्वरीचं उच्च न्यायालय आणि सगळ्यांच्या वर मुंबईत बसणारे मुख्य न्यायमूर्ती. आमचं उच्च न्यायालय महाराष्ट्राशी सामाईक आहे. मुक्तीनंतर इथे न्यायिक आयुक्तांचं न्यायालय होतं. १९८१च्या कायद्याने मुंबई उच्च न्यायालयाची कक्षा इथवर वाढली आणि ३० ऑक्टोबर १९८२ रोजी पणजीत खंडपीठ सुरू झालं. १९८७मध्ये गोवा राज्य झाला तरी हे नातं टिकलं. म्हणजे आमच्या तालुक्यातल्या टेबलाची मागणी चढत चढत मांडवी ओलांडू शकते, आणि विषय मोठा असेल तर थेट मुंबईपर्यंत जाऊ शकते. प्रत्येक जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचे एक पालक न्यायमूर्तीही नेमलेले असतात. ते भेटीला आले की कोर्टाच्या आवारात अचानक चुन्याचा वास येतो, हे मी ऐकून नाही, नाकाने सांगतो.

आता पैसा. न्यायालयाला स्वतःची तिजोरी नाही. मी नक्कलेसाठी भरलेली फी, कुणाला झालेला दंड, दाव्यावर लागलेली कोर्ट फी, सगळं राज्याच्या संचित निधीत जातं. त्या निधीतून न्यायालयाला जे मिळतं ते अर्थसंकल्पातून, '२०१४ न्यायदान' या लेखाशीर्षाखाली (२०१४ हा शीर्षाचा क्रमांक, साल नव्हे). तालुका न्यायालयं आपापले अंदाज जिल्हा न्यायाधीशांकडे पाठवतात, तिथे बेरीज होते, मग कायदा खातं आणि वित्त खातं यांच्याकडे कागद फिरतो आणि शेवटी विधानसभेत मागणी म्हणून येतो. वित्त खात्याची कात्री इतरांवर चालते तशी इथेही चालते. दहा मागा, सहा मिळतील, हे गृहीत धरूनच मागायची सवय सरकारी माणसाला लागते. न्यायालयातली माणसं त्याला अपवाद नसावीत.

इथे एक बारकावा आहे. जिल्हा न्यायालयांचा खर्च 'दत्तमत' असतो, म्हणजे त्यावर आमदार मतदान करतात. उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च मात्र अनुच्छेद २२९प्रमाणे 'भारित' असतो. विधानसभेत त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. कारण उघड आहे. आज ज्या सरकारविरुद्ध निकाल गेला, त्याने उद्या बहुमताच्या जोरावर न्यायालयाच्या विजेच्या बिलाचे पैसे कापू नयेत. पण भारित म्हणजे अमर्याद नव्हे. सभागृहात मत घेत नाहीत एवढंच. आकडा कागदावर येण्याआधी वित्त खात्याशी घासाघीस व्हायची ती होतेच. मला विचाराल तर न्यायालयाच्या स्वातंत्र्याची खरी कसोटी या घासाघिशीत असते.

तिसरा पैसा दिल्लीहून येतो. ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने सप्टेंबर २०२३मध्ये मंजुरी दिली, चार वर्षांसाठी ७,२१० कोटी रुपये, सगळ्या देशासाठी. धोरण ठरवते सर्वोच्च न्यायालयाची ई-समिती, पैसे सोडतं केंद्राचं न्याय खातं, आणि अंमल करतं त्या त्या राज्याचं उच्च न्यायालय. खटल्याची पुढची तारीख तुम्हाला मोबाइलवर दिसते ती या प्रकल्पामुळे. त्यामागची सॉफ्टवेअर प्रणाली पुण्याच्या एनआयसीत, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक संस्थेत, घडलेली आहे. संगणक, स्कॅनर, प्रिंटर यातून तालुक्यापर्यंत पोचतात. अडचण पुढे होते. मशीन एका पैशातून आलं, टोनर दुसऱ्या लेखाशीर्षातून घ्यायचा, आणि देखभालीचा करार संपला तर तो कुणी वाढवायचा यावर तीन टेबलांची पत्रापत्री. सरकारी कचेऱ्यांत धूळ खात पडलेल्या बऱ्याच मशीनची कुळकथा ही अशी असते. नवं मशीन घ्यायला योजना असते, ते चालू ठेवायला नसते.

इमारतींचं तर खरेदीदारच वेगळे. न्यायालय आपली गरज सांगतं, किती कोर्टरूम, किती कोठड्या, वकिलांना किती जागा; निविदा काढून बांधतं साबांखा, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खातं, किंवा राज्याचं पायाभूत सुविधा महामंडळ. पर्वरीची उच्च न्यायालयाची इमारत या महामंडळाने बांधली. २७ मार्च २०२१ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. त्याआधीची जवळजवळ चार दशकं कारभार पणजीत आल्तिनोवरच्या जुन्या लायसेव संकुलातून चालला. खालच्या न्यायालयांच्या इमारतींसाठी केंद्राची एक योजना १९९३-९४पासून आहे; बहुतेक राज्यांत तिचा खर्च केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के असा वाटला जातो. लिफ्ट बंद पडली की वकील न्यायालयाला बोल लावतात, पण चावी असते साबांखाच्या विद्युत विभागाच्या कुणा अभियंत्याकडे.

परत आपल्या झेरॉक्स मशीनकडे येतो. समजा जुनं भंगारात गेलं आणि नवं घ्यायचं ठरलं. गोव्यात संघप्रदेशाच्या काळापासून केंद्राची सर्वसाधारण वित्तीय नियमावली वापरायची पद्धत आहे, सध्याची २०१७ची. तिच्यात खरेदीच्या पायऱ्या रकमेप्रमाणे ठरतात. मूळ २०१७च्या नियमांत २५,००० रुपयांपर्यंतची वस्तू दरपत्रकं न मागवता घेता येत असे, फक्त घेणाऱ्याने लिहून द्यायचं की माल योग्य दर्जाचा आहे, विश्वासू विक्रेत्याकडून आणि वाजवी भावात घेतला आहे, आणि याबद्दल माझी स्वतःची खात्री झाली आहे. त्यापुढे, तेव्हाच्या मर्यादेत अडीच लाखांपर्यंत, तीन जणांची स्थानिक खरेदी समिती बाजारात फिरते आणि दर, दर्जा, विक्रेता याबद्दल प्रमाणपत्र देते. त्यापुढे निविदा. या मर्यादा अधूनमधून वाढवल्या जातात, म्हणून फाइल वाचताना त्या तारखेला कोणती मर्यादा लागू होती ते आधी पाहावं.

समितीच्या प्रमाणपत्रातला एक शब्दप्रयोग नव्या कारकुनांना मी मुद्दाम वाचून दाखवायचो. आम्ही 'एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्या' समाधानी आहोत, अशा अर्थाचं तिथे लिहिलेलं आहे. म्हणजे उद्या भाव दुप्पट निघाला तर "मी नुसती सही केली, बाजारात ते दोघे गेले होते" असं म्हणायची सोय नाही. तिघांपैकी प्रत्येक जण पूर्ण जबाबदार. हे वाक्य कळल्यावर माझ्या हाताखालचा एक मुलगा पुढचे सहा महिने खरेदी समितीच्या दिवशी आजारी पडत असे.

लबाडी कुठे होते? बहुधा दोन ठिकाणी. पहिली, मागणी फोडणं. मर्यादेपलीकडचं फर्निचर एकदम मागवलं तर निविदा काढावी लागेल, म्हणून जूनमध्ये खुर्च्या, जुलैमध्ये टेबलं, ऑगस्टमध्ये कपाटं, सगळी त्याच दुकानातून, प्रत्येक बिल मर्यादेच्या जरासं खाली. नियमावलीच्या नियम १५७ने हे स्पष्ट मना केलं आहे. दुसरी लबाडी जास्त हुशारीची, वस्तूचं वर्णन असं लिहायचं की एकाच कंपनीच्या मालाला ते बसेल. मिनिटाला किती पानं छापतं, हे विचारणं रास्त. पण झाकणाचा रंग आणि ट्रेची रुंदी मिलिमीटरमध्ये मागितलेली दिसली की समजावं, वरात आधीच ठरलेली आहे आणि आता मुहूर्त काढताहेत.

२०१६मध्ये केंद्राचं 'जेम' हे ऑनलाइन खरेदीचं पोर्टल आलं आणि न्यायालयंही त्यावर खरेदी करू लागली. त्याने दर सगळ्यांना दिसू लागले, आणि मागणी नोंदवणारा, माल स्वीकारणारा आणि पैसे देणारा यांच्या भूमिका वेगळ्या झाल्या. माल पोचल्यावर स्वीकारणाऱ्याने तपासून दहा दिवसांत पावती द्यायची. चूक असेल तर परत करायचा. पोर्टलने लबाडी संपवली असं मी म्हणणार नाही. पण आता तिचा माग राहतो.

बिल मंजूर झालं की ते पणजीच्या फाझेंद इमारतीत जातं, लेखा संचालनालयात. फाझेंद म्हणजे पोर्तुगीजांचं महसूल-तिजोरीचं खातं; सत्ता गेली, नाव राहिलं. तिथला लेखापाल न्यायाधीशांची सही पाहून दबत नाही. तरतूद आहे का, मंजुरी देणाऱ्याला तेवढा अधिकार आहे का, साठा नोंदवहीत नोंद झाल्याचा दाखला आहे का, एवढंच पाहतो आणि यातलं एक जरी नसेल तर शेरा मारून परत पाठवतो. निकाल कितीही थोर असो, बिलावर साठा नोंदीचं पान नसेल तर बिल परत.

ती नोंद करतो नाझर. न्यायालयातला हा जुना हुद्दा. रोख, ठेवी, जप्तीचा माल, समन्सची बजावणी आणि कचेरीचं सामान हे सगळं त्याच्या अखत्यारीत. न्यायालयाच्या घरचा काबेसा द काझाल हाच. मशीन आलं की डेडस्टॉक नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ सामानाच्या वहीत, त्याला क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक मशीनच्या कुशीवर पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवला जातो. खिडकीतून मला तो दिसत होता. शेवटचा आकडा ओघळून सहाचा आठ झाला होता. नियमाप्रमाणे वर्षातून एकदा तरी वही हातात घेऊन प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष मोजायची असते. मोजणीत खुर्ची कमी भरली तर ती कुठे गेली हे सांगणं नाझराच्या नशिबी, मग ती दोन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत मतदान केंद्रावर गेलेली का असेना. भंगारात काढायची वस्तूही अशी तशी फेकता येत नाही. निकामी असल्याचा तांत्रिक दाखला, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, लिलाव, आणि मिळालेले पैसे सरकारजमा. म्हणून कोर्टाच्या व्हरांड्यात तीन पायांची बाकं वर्षानुवर्षं उभी दिसतात. ती कुणी विसरलेलं नसतं, त्यांचा कागद पुरा व्हायचा असतो.

आता तपासणी. घरातली तपासणी जिल्हा न्यायाधीश करतात, वार्षिक. त्यात निकाली खटल्यांबरोबर रोखवही आणि मुद्देमालही पाहिला जातो. उच्च न्यायालयाच्या निबंधक कार्यालयाची तपासणी त्यावर. बाहेरची तपासणी महालेखापालांची, म्हणजे कॅगची. त्यांचं ऑडिट भवनही पर्वरीतच. न्यायाधीशाने खटल्यात काय निकाल दिला याला लेखापरीक्षक हात लावू शकत नाही. पण टोनर किती दराने घेतला, हे तो नक्की विचारतो, आणि उत्तर पटलं नाही तर आक्षेप लिहितो. आम्ही त्याला नुसतं 'पॅरा' म्हणतो. छोटे पॅरे उत्तर देऊन मिटतात. मोठे अहवालात जातात, अहवाल विधानसभेत आणि तिथून लोकलेखा समितीकडे. न्यायमूर्तींच्या कर्तव्यपालनातल्या वर्तनावर विधिमंडळात चर्चा करायला अनुच्छेद २११ची मनाई आहे. त्या आडोशाला टोनर बसत नाही.

राहिला सामान्य माणूस. त्याच्या हातात माहितीचा अधिकार आहे आणि इथे एक गंमत आहे. न्यायालयीन कागदांची नक्कल हवी असेल तर न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे अर्ज करा, माहिती अधिकाराची वाट धरू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२०च्या निकालात सांगितलं. तो वाद गुजरात उच्च न्यायालयाच्या नियमांवरून उठला होता. त्याआधी, १३ नोव्हेंबर २०१९ला, सरन्यायाधीशांचं कार्यालयसुद्धा माहिती अधिकाराखाली येतं असं घटनापीठाने ठरवलं होतं. दोन्ही जोडून वाचा. मला माझी नक्कल माहिती अधिकारात मागता येत नाही. पण जे मशीन बंद असल्यामुळे ती नक्कल अडली, त्याची खरेदी, देखभाल करार, दुरुस्तीची पत्रं, हे मागता येतं, कारण ते प्रशासकीय बाजूचे कागद. जनमाहिती अधिकाऱ्याला उत्तरासाठी ३० दिवस. नाहीतर आधी पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोग.

निविदेत डावललेल्या पुरवठादाराला उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, निविदा न्यायालयाच्या प्रशासनाची असली तरी. ऐकायला विचित्र वाटतं, पण प्रशासकीय निर्णय हा न्यायनिवाडा नसल्यामुळे त्याला आव्हान देता येतं. ज्या न्यायमूर्तींचा त्या निर्णयात हात होता त्यांनी ते प्रकरण ऐकायचं नसतं. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४च्या टाटा सेल्युलर निकालापासूनची मर्यादा लक्षात ठेवावी. निवड शहाणपणाची होती का, हे न्यायालय पाहत नाही. निवडताना मनमानी, पक्षपात किंवा बेकायदा वागणूक झाली का, एवढं पाहतं.

आणि तक्रार केली तर अवमान होईल, ही भीती. ती मी चांगल्या शिकलेल्या माणसांत पाहिली आहे. न्यायालय अवमान कायदा १९७१चं कलम ६ वाचा. खालच्या न्यायालयाच्या न्यायाधीशाबद्दल सद्भावनेने काही सांगायचं असेल आणि ते तुम्ही उच्च न्यायालयाला सांगितलं, तर तो अवमान होत नाही. तोच मजकूर गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, तर या कलमाची छत्री डोक्यावर नाही. नाझराच्या वहीबद्दल किंवा मशीनबद्दल तक्रार असेल तर ती प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या नावे, तारखा आणि पावती क्रमांकासह, अर्ध्या पानात. मी जाणीवपूर्वक अर्धं पान म्हणतोय. तीन पानांची तक्रार वाचायला कुणाला वेळ नसतो आणि तिसऱ्या पानावर हटकून आपण काहीतरी जास्तीचं लिहितो.

सोमवारी गेलो. नक्कल तयार होती, शिक्का ओला होता. मोठं मशीन तसंच बंद. त्याच्या शेजारी स्टुलावर एक लहान प्रिंटर आला होता, त्याच्या कुशीवरही पांढरा क्रमांक, पण वेगळ्या हस्ताक्षरात. मी तिकडे पाहतोय हे बाईंच्या लक्षात आलं.

"हो ई-कोर्टाचो," त्या म्हणाल्या. "हाका टोनर आसा."